होडीच्या केबिनमध्ये पाणी शिरले? आधी धुवा, मग वाळवा

मोरावे, गव्हाण, न्हावा ही पनवेल तालुक्यातील खाडीकाठची गावे. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात. आच्छादन फाटले किंवा भरतीचे पाणी आत शिरले, तर केबिन आतून खराब होते. अशा वेळी काय करावे?

मीठ का धुवायचे?
हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी शोषून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळा यापेक्षा जास्तच असते. म्हणून खारे पाणी नुसते पुसले, तर लाकूड पुन्हा पुन्हा ओले होते. आधी गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय.

कामाचा क्रम
1. बॅटरीची जोडणी काढा. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल, तर ते सुरू करू नका, मेकॅनिकला बोलवा.
2. फोटो, व्हिडिओ काढा. पंचनाम्याला आणि विम्याच्या दाव्याला ते लागतात.
3. पाणी उपसा. त्यात डिझेल किंवा ऑइल असेल तर ते खाडीत सोडू नका, डब्यात साठवा.
4. गाद्या, फळ्या, तळाची झाकणे बाहेर काढा. बुरशी एक-दोन दिवसांतच धरते. खारे पाणी प्यायलेला फोम सहसा टाकावाच लागतो.
5. सगळे गोड्या पाण्याने धुवा.

वाळवायचे कसे?
उघडीप असेल तर दारे-खिडक्या उघडून पंखा लावा. पाऊस असेल तर केबिन बंद करून आतली हवा कोरडी करणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, चालवा. जनरेटर मात्र नेहमी बाहेर, मोकळ्यावर ठेवा. बंद केबिनमध्ये त्याचा धूर जीव घेऊ शकतो.

रंग कधी?
लाकडात 20 टक्क्यांपेक्षा जास्त ओल राहिली तर ते कुजू लागते. रंगकामासाठी ओल 15 टक्क्यांच्या आसपास हवी. मीटर नसेल तर लाकडावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसले तर थांबा. घाईने रंग दिला की ओल आतच कोंडते. आतला रंग ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत लांबला तरी चालेल.

वायरिंग
तांब्याच्या बारीक तारांमधून खारे पाणी प्लास्टिकच्या आवरणाखाली पुढे सरकते. हिरवी-काळी पडलेली वायर बदला. नुसते टोक घासल्याने ती पुढे समुद्रात दगा देऊ शकते.