'ॲडव्हेंट ऑफ कोड' काय आहे? कोडं एकच असूनही प्रत्येकाचं उत्तर वेगळं का येतं?

डिसेंबर उजाडला की प्रोग्रामिंग करणाऱ्यांच्या अनेक ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "आजचा दुसरा स्टार मिळाला का?" हा स्टार असतो 'ॲडव्हेंट ऑफ कोड'चा. दरवर्षी डिसेंबरमध्ये रोज एक नवं कोडं देणारा हा मोफत ऑनलाइन उपक्रम आहे. कोडं एकट्यानं सोडवता येतं, पण अनेक जण ते मित्रांचा ग्रुप करून सोडवतात.

हा उपक्रम नेमका काय आहे, मित्रांसोबत कसा खेळतात आणि 2025 मध्ये त्यात एवढा मोठा बदल का झाला, ते समजून घेऊया.

सुरुवात कशी झाली?

ख्रिसमसची वाट पाहताना लहान मुलांना 'ॲडव्हेंट कॅलेंडर' देण्याची अनेक देशांत पद्धत आहे. त्यात रोज एक छोटी खिडकी उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं. अमेरिकन सॉफ्टवेअर डेव्हलपर एरिक वास्टल यांनी 2015 मध्ये याच कल्पनेवर 'ॲडव्हेंट ऑफ कोड' सुरू केलं. इथे चॉकलेटऐवजी कोडं मिळतं.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे बारा वाजले की नवं कोडं खुलं होतं. भारतात तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले असतात.

प्रत्येक कोड्याचे दोन भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक स्टार मिळतो. पहिला भाग सुटल्याशिवाय दुसरा दिसत नाही. प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला, हे वेबसाइट तपासत नाही. फक्त अंतिम उत्तर टाकायचं असतं. त्यामुळे पायथॉन, जावा, अगदी एक्सेल वापरलं तरी चालतं.

उत्तर वेगळं का येतं?

कोड्याची गोष्ट सगळ्यांना सारखीच असते, पण त्यासोबत मिळणारी माहिती, म्हणजे 'इनपुट', वेगवेगळं असतं. त्यामुळे मित्राचं उत्तर आपल्या खात्यात टाकलं तर ते सहसा चुकीचंच ठरतं. चुकीचं उत्तर दिलं की पुन्हा प्रयत्न करण्याआधी थांबावंही लागतं.

एकत्र सोडवण्याची मजा इथेच आहे. उत्तर सांगून फारसा उपयोग नसतो, सांगावी लागते ती पद्धत. म्हणजे ज्याला जमलं त्याला ते समजावून सांगावं लागतं आणि ज्याला अडलं त्याला ते स्वतः करून पाहावं लागतं.

माशांचं कोडं

2021 मधल्या सहाव्या दिवसाचं कोडं याचं चांगलं उदाहरण आहे. त्यात समुद्रातल्या माशांची संख्या मोजायची होती. प्रत्येक माशाचा एक आकडा असतो आणि तो रोज 1 ने कमी होतो. आकडा 0 झाला की दुसऱ्या दिवशी तो मासा पुन्हा 6 वर जातो आणि एक नवा मासा जन्मतो. नव्या माशाचा आकडा 8 असतो.

कोड्यात दिलेल्या उदाहरणात सुरुवातीला फक्त 5 मासे आहेत. पहिल्या भागात विचारलं होतं, 80 दिवसांनी किती मासे होतील? उत्तर 5,934. प्रत्येक माशाची वेगळी नोंद ठेवूनही हे सहज जमतं.

दुसऱ्या भागात फक्त दिवस बदलले, 80 ऐवजी 256. आता उत्तर जातं 2,698 कोटी 44 लाख 57 हजार 539 वर. एका माशासाठी मेमरीतला एकच बाइट धरला, तरी सुमारे 27 जीबी जागा लागेल. पहिल्या भागात चाललेला प्रोग्राम इथे साध्या लॅपटॉपवर मान टाकतो.

यातून वाट काढायची तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो: प्रत्येक मासा वेगळा मोजायचाच कशाला? ज्यांचा आकडा सारखा, ते मासे सारखेच वागतात. मग 0 ते 8 असे फक्त 9 डबे करायचे आणि कोणत्या डब्यात किती मासे आहेत, एवढंच लिहायचं. रोज प्रत्येक डब्यातली संख्या एक घर खाली सरकवायची. 0 च्या डब्यातले मासे 6 मध्ये मिळवायचे आणि तेवढेच नवे मासे 8 मध्ये टाकायचे. 256 दिवसांचं गणित क्षणात होतं.

अशा वेळी प्रोग्रामिंग येणारा मित्र अडतो आणि ज्याला फारसं येत नाही, तोच कधी कधी नेमका प्रश्न विचारून जातो.

2025 मध्ये काय बदललं?

आधी प्रत्येक भाग सर्वांत आधी सोडवणाऱ्या 100 जणांना जागतिक यादीत गुण मिळायचे. या शर्यतीचा ताण वाढत गेला. काहींनी तर वेबसाइटवर हल्ले करण्यापर्यंत मजल मारली. त्यातच एआय आलं आणि काही उत्तरं माणसाला कोडं वाचूनही होणार नाही इतक्या वेगानं यायला लागली.

2025 मध्ये वास्टल यांनी जागतिक यादी बंद केली आणि 25 ऐवजी 12 कोडी दिली. ही कोडी तयार करण्यात त्यांचा बराच मोकळा वेळ जातो, हेही एक कारण होतं. एआयबद्दल त्यांचं म्हणणं साधं आहे: आपल्याऐवजी मित्राला जिममध्ये पाठवून आपली ताकद वाढत नाही.

मित्रांच्या खासगी याद्या मात्र त्यांनी कायम ठेवल्या. जगाशी शर्यत संपली, पण ओळखीच्या लोकांसोबतचा खेळ सुरू राहिला.

मित्रांसोबत सुरुवात कशी करायची?

- गूगल किंवा गिटहबच्या खात्यानं लॉगिन करता येतं.
- एकानं खासगी यादी तयार करायची आणि त्याचा कोड ग्रुपवर टाकायचा.
- साडेदहाला सगळ्यांना वेळ नसेल, तर आधी कोणी सोडवलं हे न पाहता फक्त स्टार मोजायचे.
- कोडी इंग्रजीत असतात. एकानं ती मराठीत समजावून सांगितली, तर इंग्रजीला बिचकणारेही सहभागी होऊ शकतात.
- ज्यांचं कोडं सुटलेलं नाही, त्यांना न विचारता पद्धत सांगायची नाही. आधी इशारा द्यायचा, प्रोग्राम शेवटी दाखवायचा.
- आपलं इनपुट सोशल मीडियावर टाकायचं नाही, अशी आयोजकांची विनंती आहे.

यासाठी डिसेंबरची वाट पाहायची गरज नाही. 2015 पासूनची सगळी कोडी वर्षभर खुली असतात. नव्यानं शिकणाऱ्यांनी कोणत्याही वर्षाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी, कारण सुरुवातीची कोडी सहसा सोपी असतात.