हुक्का : जुन्या हुक्क्यांचा संग्रह व ओळख

हुक्का : तंबाखूचा धूर पाण्यातून नेऊन थंड करून ओढण्याचे साधन. धूर पाण्यातून जाताना होणाऱ्या आवाजावरून त्याला मराठीत गुडगुडी असेही म्हणतात. दखनच्या धातुकामाचा आणि घरगुती जीवनाचा एक महत्त्वाचा पुरावा म्हणून जुन्या हुक्क्यांचा संग्रह केला जातो.

रचना : सर्वांत वर चिलीम, म्हणजे तंबाखू व निखारे ठेवण्याची वाटी असते. तिच्याखालच्या उभ्या नळीला नेचा म्हणतात. नेच्यातील एक नळी धूर खाली पाण्यात सोडते आणि दुसरी तो पाण्याच्या वरच्या पोकळीतून बाहेर आणते. तळाशी पाण्याचे भांडे असते. बाहेर येणाऱ्या लांब, लवचीक नळीला सटक, तर तिच्या टोकाच्या, ओठांशी धरावयाच्या भागाला मोहनाल असे नाव आहे. चिलमीत सुक्या पानाऐवजी बहुधा गुडाखू, म्हणजे गुळात मळलेली तंबाखू भरत असत. साध्या गुडगुडीत धातूच्या भांड्याऐवजी नारळाची करवंटी वापरत. पश्चिम आशियात हुक्क्याला ‘नारगिले’ म्हणतात. ते नाव नारळाच्या फार्सी नावावरून आले असून त्या फार्सी शब्दाचे मूळ संस्कृत ‘नारिकेल’ हे आहे.

इतिहास : पोर्तुगिजांबरोबर तंबाखू सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दखनच्या दरबारांत रुजली. अकबराचा अधिकारी असद बेग याने विजापूरहून परतताना तंबाखू व ती ओढण्याची साधने नेली आणि १६०४च्या सुमारास ती बादशहापुढे ठेवली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे मुघल दरबाराला या व्यसनाची ओळख दखननेच करून दिली. जहांगिराने १६१७ मध्ये धूम्रपानावर बंदी घातली, तरी प्रसार थांबला नाही. अठराव्या शतकात कंपनी सरकारचे इंग्रज अधिकारीही हुक्का ओढत आणि त्यासाठी हुक्काबरदार नावाचा स्वतंत्र नोकर ठेवत. पुढे चिरूट व पाइप यांचे चलन वाढले, तसा इंग्रजांच्या घरांतून हुक्का मागे पडला.

घाट व काळ : हुक्क्याचा काळ ठरवताना पाण्याच्या भांड्याचा घाट प्रथम पाहतात. सतराव्या शतकातील व अठराव्या शतकाच्या आरंभीची भांडी बहुधा गोलाकार असून ती वेगळ्या कड्यावर टेकवीत. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पसरट बुडाचा, घंटेसारखा घाट रूढ झाला, कारण तो जमिनीवर आधाराशिवाय स्थिर राहतो. तत्कालीन लघुचित्रांत बैठकीजवळ रंगविलेले हुक्के या क्रमाला दुजोरा देतात. तथापि जुना घाट नंतरचे कारागीरही उचलीत असल्याने केवळ घाटावरून निर्णय देणे योग्य नसते. त्याला धातू, नक्षी व झीज यांची जोड द्यावी लागते.

बिदरीकाम : दखनी हुक्क्यांत बिदरी भांड्यांना विशेष मान आहे. बीदर येथे विकसित झालेल्या या कलेत जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, मोरचुदाच्या द्रावणाने त्याचा पृष्ठभाग तात्पुरता काळा करून त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या जागी चांदी ठोकून बसवतात. तार बसविल्यास त्या कामाला तारकशी आणि पत्रा बसविल्यास तहनिशान म्हणतात. शेवटी भांडे तापवून बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप दिला जातो. त्यामुळे मिश्रधातू गडद काळा होतो, पण चांदी पांढरीच राहते. खऱ्या बिदरीचा काळेपणा धातूच्या पृष्ठभागाशी एकजीव झालेला असतो, तर नकली वस्तूवर तो रंगासारखा बसलेला दिसतो व कडांवर सुटतो. चांदी निघालेल्या जागी कोरीव खाच उरते, ही खुणेची बाब आहे. नुसत्या रंगविलेल्या नक्षीखाली अशी खाच आढळत नाही. लखनौ, पूर्णिया व मुर्शिदाबाद येथेही बिदरीकाम होत असे, म्हणून प्रत्येक बिदरी हुक्का बीदरचाच मानता येत नाही.

जुळवाजुळव व फेरबदल : हुक्क्याचे भाग सुटे असल्याने एका भांड्यावर दुसऱ्याच हुक्क्याचा नेचा व चिलीम बसविलेली अनेकदा आढळते. नेच्याचा खालचा भाग भांड्याच्या तोंडात नीट बसतो का, दोन्हींच्या नक्षीत मेळ आहे का आणि झीज सारखी आहे का, या तीन गोष्टी तपासाव्या लागतात. घंटाकार भांड्यांचे पुढे दिवे करण्यात आल्याने काहींना तारेसाठी पाडलेले भोक असते.

इंग्रजी पाइपांशी तुलना : धूम्रपानाच्या साधनांच्या अभ्यासात इंग्रजी पाइपांची ओळख तुलनेने सोपी ठरते, कारण त्यांपैकी अनेकांवर लेखी खुणा असतात. लाकडी पाइपाच्या मानेवर चांदीचे कडे असल्यास त्यावरील चालता सिंह चांदीची शुद्धता, नांगर बर्मिंगहॅमचे तपासणीगृह आणि अक्षर त्या तपासणीचे वर्ष सांगते. त्याहून जुन्या, पांढऱ्या मातीच्या पाइपांच्या नळीचे छिद्र सतराव्या व अठराव्या शतकांत क्रमाने लहान होत गेले, जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिल्यावर पुरातत्त्वज्ञांना उत्खननातील तुकड्यांवरून काळाचा अंदाज बांधता येऊ लागला. हुक्क्यावर असे ठसे सहसा नसतात, त्यामुळे त्याची घडण आणि त्याच्या मालकीची नोंद हेच मुख्य दाखले उरतात.

संग्रह : महाराष्ट्रात अशा घरगुती वस्तूंकडे गांभीर्याने पाहण्याचा पायंडा पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी पाडला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी १९२०च्या सुमारास संग्रहाला आरंभ केला आणि अडकित्ते, दिवे, तांबूलसाहित्य, वाद्ये, हुक्के अशा रोजच्या वापरातील वस्तू देशभर हिंडून मिळविल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९६२ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेतील हे राजा दिनकर केळकर संग्रहालय, कात्रजकडून येणारा सातारा रस्ता स्वारगेटला जेथे शहरात शिरतो, तेथून जवळच आहे. त्यात २०,००० हून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे २,५०० मांडलेल्या आहेत. सामान्य माणसाने हाताळलेल्या वस्तूतही कारागिराची प्रतिभा असते, ही केळकरांची दृष्टी हुक्क्यांच्या अभ्यासालाही तंतोतंत लागू पडते.

कायदा व जतन : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुना हुक्का पुरावस्तू ठरतो, त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला तो परदेशी पाठविता येत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून हुक्का पार्लरना बंदी आहे. जुन्या हुक्क्याचे मोल आता ओढण्यात नसून अभ्यासात आहे. बिदरी भांडे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये, कारण त्यामुळे काळा थर कायमचा जातो. मऊ कोरड्या फडक्याने पुसणे पुरेसे असते. ज्या घरांत माळ्यावर जुनी गुडगुडी पडून असेल, त्यांनी ती मोडीत घालण्यापूर्वी ती कोणाची, कोणत्या गावची आणि घरात कशी आली, एवढे तरी कागदावर लिहून वस्तूबरोबर ठेवावे. एकदा विसरली गेलेली ही माहिती कोणत्याही तज्ज्ञाला पुन्हा मिळविता येत नाही.