जमीनदाराचा पट

आमच्या मित्रमंडळांत महिन्यांतून एका रविवारीं पटावरचे खेळ मांडण्याची चाल पडून आतां बरींच वर्षें झालीं. मंडळी चारच: एक वकील, एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक, एक डॉक्टरीणबाई आणि प्रस्तुत लेखक. गेल्या आषाढांत आम्हीं एक निराळा बेत केला. दुपारीं ‘मोनॉपली’ आणि दिवेलागणीनंतर ‘कातान’, असे दोन डाव एकाच बैठकींत खेळून त्यांची तुलना करावयाची. ज्यांची उन्हाळ्याची सुटी ‘व्यापार’ या खेळावांचून कधीं गेली नाहीं, अशा वाचकांस मोनॉपलीचा परिचय करून देण्याचें कारण नाहीं; ‘व्यापार’ हा त्याच पटाचा देशी अवतार होय.

दीड तासाच्या आंत वकीलसाहेबांचें दिवाळें वाजलें. डाव मात्र पुढें तासभर चालला, आणि तो सारा वेळ ते खिडकीपाशीं बसून पाऊस पाहत होते. “पाहुण्यास जेवावयास बोलावून पहिल्या भातालाच पानावरून उठवावें, तसा हा तुमचा खेळ आहे!” असें ते शेवटीं म्हणाले. आम्हीं हंसून तें सोडून दिलें; परंतु या खेळाचा इतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास ही तक्रार सहज सोडून देतां येणार नाहीं. कारण ज्या बाईनें हा पट प्रथम आंखला, तिला नेमकी हीच तक्रार लोकांच्या तोंडून वदवावयाची होती.

तिचें नांव एलिझाबेथ मॅगी. ही अमेरिकन बाई लघुलेखनाचें काम करी, आणि हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाच्या मतांची ती कट्टर अनुयायी होती. जॉर्जचा ‘प्रगति आणि दारिद्र्य’ हा ग्रंथ १८७९ सालीं प्रसिद्ध झाला. जमिनीची किंमत मालकाच्या श्रमानें वाढत नसून भोवतालच्या समाजामुळें वाढते; म्हणून त्या किंमतीवर कर बसवून तो पैसा समाजाकडेच परत आणावा, असा त्याच्या प्रतिपादनाचा थोडक्यांत मथितार्थ. व्याख्यानांनीं जें पटत नाहीं तें फांशांनीं पटेल, असें मॅगीबाईस वाटलें असावें. तिनें ‘जमीनदाराचा खेळ’ रचला आणि ५ जानेवारी १९०४ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें.

चौरस पट, चार कोपरे, दर दोन कोपऱ्यांमध्यें नऊ घरें; बाजूंवर आगगाड्या, एका कोपऱ्यांत तुरुंगाची वाट. आपल्या सोंगट्यांच्या पटास शेवट असतो. सोंगटी घरांत गेली कीं ती सुटली. मॅगीच्या पटास असें सुटण्याचें ठिकाणच नाहीं. भिडूनें गोल गोल फिरावें, दर फेरीस मजुरी घ्यावी, आणि ती वाटेंतल्या जमीनमालकांस भाड्यापायीं देत सुटावें, अशी त्याची योजना. संसाराचें याहून बोचक चित्र पटावर क्वचितच कोणीं काढलें असेल. पुढें तिनें दुसराही एक नियम सांगितला: जमिनीचें भाडें मालकाकडे न जातां सार्वजनिक खजिन्यांत जमा व्हावें. एकाच पटावर दोन राज्यव्यवस्था खेळून पाहाव्या आणि खेळणारानें आपला निवाडा आपणच करावा, हा हेतु.

खेळ १९०६ च्या सुमारास छापला गेला, पण पसरला तो मुख्यतः हातानें काढलेल्या पटांवरून. डेलावेअरमधील आर्डेन या जॉर्जपंथी वसाहतींत तो खेळत. विद्यार्थी तो घरीं नेत. जो तो आपल्या गांवचे रस्ते पटावर लिही. अटलांटिक सिटीच्या क्वेकर मंडळींनीं आपल्या शहराचे रस्ते त्यावर घातले. खजिन्याचा नियम मात्र या प्रवासांत मागें पडला. भाडें देण्यापेक्षां भाडें घेण्यांत गंमत अधिक, हें कोणास शिकवावें लागत नाहीं!

हा पट फिलाडेल्फियाच्या एका गृहस्थाच्या घरीं चार्ल्स डॅरो या बेकार विक्रेत्यानें पाहिला, नियम लिहून घेतले, आणि स्वतःची कल्पना म्हणून तो विकूं लागला. पार्कर ब्रदर्स या कंपनीनें १९३४ त नकार दिला व १९३५ त तोच खेळ विकत घेतला. डॅरो लक्षाधीश झाला. मॅगीबाईच्या १९२४ सालच्या दुसऱ्या पेटंटाबद्दल त्याच कंपनीनें तिला पांचशें डॉलर दिले. विक्रीवर हिस्सा नाहीं. पुढें अनेक दशकें डॅरोचीच कथा खेळासोबत घरोघर गेली. मॅगीबाई १९४८ सालीं वारली.

हें उजेडांत आलें तेंही कोर्टाच्या कृपेनें. राल्फ आन्स्पाख या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानें १९७३ त ‘अँटि-मोनॉपली’ नांवाचा खेळ काढला. कंपनीशीं त्याचा जो दावा जुंपला तो जवळजवळ दहा वर्षें चालला, आणि त्यांत त्यानें जुने खेळणारे शोधून काढून त्यांच्या साक्षी नोंदविल्या. मला त्यांतला एक पुरावा फार आवडतो. अटलांटिक सिटीजवळील ‘मार्व्हेन गार्डन्स’ या वस्तीचें नांव त्या फिलाडेल्फियाच्या पटावर चुकून ‘मार्व्हिन’ असें पडलें होतें, आणि डॅरोच्या पटावर तीच चूक जशीच्या तशी उतरली. एका पोथीवरून दुसरी पोथी नकलली गेली हें आपले संशोधक ज्या न्यायानें ठरवितात, तोच न्याय येथेंही लागूं पडला.

रात्रीं कातान मांडला. क्लाउस ट्यूबर या जर्मन दंततंत्रज्ञाचा हा खेळ १९९५ त निघाला आणि त्याच वर्षीं ‘श्पील देस यारेस’ हें वार्षिक पारितोषिक त्यास मिळालें. एकोणीस षट्कोनी तुकड्यांचें बेट. त्यांवर लांकूड, विटा, लोंकर, धान्य व खनिज. दहा गुण प्रथम मिळवील तो जिंकला. येथें फांसे कोणीही टाकोत, पडलेल्या अंकाच्या तुकड्याशेजारीं ज्याची वसाहत असेल त्यास माल मिळतो. त्यामुळें दुसऱ्याच्या डावांतही प्रत्येकाचें लक्ष फांशावर खिळलेलें. शिवाय देवघेवीवांचून पाऊल पुढें पडत नाहीं, आणि बुडून बाहेर जाणें तर नाहींच.

म्हणून तो निर्दोष आहे असें नव्हे. दोन फांशांवर सहा किंवा आठ हे अंक छत्तिसांत पांच वेळां येतात, दोन किंवा बारा एकेकदांच. तेव्हां आरंभीं ज्यानें वाईट जागा घेतली तो शेवटपर्यंत आशेवरच बसतो. आमचे प्राध्यापक तसेच बसले होते. बाहेर काढीत नाहींत, पण जेवणही वाढीत नाहींत, असें त्यांचें म्हणणें पडलें, आणि तें मला मान्य करावें लागलें. तरीही दोहोंत निवड करावयाची तर मी कातान निवडीन. त्यांत चारही माणसें टेबलाशीं राहिलीं.

दहाच्या सुमारास वकीलसाहेबांनीं मोनॉपलीचा पट पुन्हां उघडला आणि मॅगीबाईच्या दुसऱ्या नियमानें खेळण्याचा हट्ट धरला. भाडें सारें खजिन्यांत. कोणी बुडेना, कोणी फारसा वर निघेना. पाऊण तासानें डॉक्टरीणबाईंस जांभया येऊं लागल्या व प्राध्यापकांनीं शेवटची आगगाडी गांठण्याची घाई केली. वकीलसाहेब मात्र खजिन्यांतले पैसे मोजीत बसले होते. पट त्यांनीं घरीं नेला आहे, आणि पुढील बैठक त्यांच्याकडे ठरली आहे.