अडीच तासांच्या घिरट्या

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ११ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी, साताऱ्याहून आईचा फोन आला. मागे टीव्हीवर निवेदक ओरडत होता. "अरे, तुमच्या शारजाला निघालेलं विमान त्रिचीवर घिरट्या घालतंय. खाली का उतरवत नाहीत? म्हणे पेट्रोल संपवताहेत! पेट्रोल संपलं तर पडणार नाही का ते?"

डिसेंबरात आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती, आमच्याकडे यायला. तेव्हा "काही होत नाही गं" एवढ्यावर भागणार नव्हतं. माझी पीएच.डी. अभियांत्रिकीतली असली तरी पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण आईला ते कोण सांगणार? आपल्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी अशा विमानात बसत असतं, म्हणून तिला जे सांगितलं ते, थोडी इतिहासाची भर घालून, इथे मांडतो.

आधी त्या संध्याकाळची हकीकत. एअर इंडिया एक्सप्रेसचं ते बोइंग ७३७ तिरुचिरापल्लीहून पावणेसहाच्या सुमारास १४१ प्रवाशांना घेऊन उडालं आणि थोड्याच वेळात त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड झाला. चाकं, पंखांवरचे फ्लॅप आणि ब्रेक या सगळ्यांना ताकद पुरवणारी ही यंत्रणा. विमान परत उतरवायचं ठरलं. पण पोटात शारजापर्यंतचं इंधन होतं, म्हणून वैमानिकांनी सुमारे अडीच तास आकाशात फेऱ्या मारल्या. खाली अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका उभ्या होत्या. सव्वाआठच्या सुमारास विमान सुखरूप टेकलं. धावपट्टीची लांबी लक्षात घेऊन वजन कमी केलं, असं कंपनीने नंतर सांगितलं. दुबई किंवा शारजाची धावपट्टी चार किलोमीटरहून लांब आहे. त्रिचीची साधारण अडीच.

आता आईचा प्रश्न. विमानाला दोन वजनमर्यादा असतात: उडतानाची आणि उतरतानाची. ७३७-८०० साठी पहिली सुमारे ७९ टन, दुसरी सुमारे ६६ टन. मधला फरक मुख्यतः वाटेत जळणाऱ्या इंधनाचा. विमान टेकतं तेव्हा सगळा धक्का चाकांच्या खांबांवर येतो. नियमाप्रमाणे कमाल उतरण्याच्या वजनाला हे खांब सेकंदाला दहा फूट वेगाने खाली येण्याचा धक्का सोसतील असे बनवावे लागतात. उड्डाणाच्या कमाल वजनाला मात्र फक्त सहा फुटांचा. म्हणजे जड विमान उतरू शकतं, पण अलगद उतरवावं लागतं आणि नंतर त्याची कसून तपासणी करावी लागते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. जड विमानाला हवेत तरंगत राहायला वेग जास्त लागतो. वजनही जास्त, वेगही जास्त. त्यामुळे ब्रेकांना जी ऊर्जा जिरवावी लागते ती वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दहा टक्के जास्त, तर ऊर्जा एकवीस टक्के जास्त. त्यात हायड्रॉलिक अधू असेल, तर छोट्या धावपट्टीवर हा हिशोब अंगाशी येऊ शकतो.

मग इंधन हवेत सोडून का देत नाहीत? मोठी विमानं देतात. ७४७, ७७७, ए-३८० यांच्या पंखांना त्यासाठी नळ असतात. उंचावर सोडलेलं इंधन बरंचसं वाफ होऊन विरतं. पण ७३७ ला अशी सोयच नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेच्या जुन्या नियमानुसार उड्डाणाचं वजन उतरण्याच्या वजनाच्या १०५ टक्क्यांहून जास्त असलं, की नळ बसवणं सक्तीचं होतं. १९६० च्या दशकात जेट इंजिनं दमदार झाली आणि नियमकर्त्यांनी प्रश्नच बदलला: भरल्या पोटी परतलेल्या विमानाला उतरणं रद्द करून पुन्हा वर चढता येतं का? येत असेल, तर नळाची सक्ती नाही. १९६८ च्या दुरुस्तीत हा विचार पक्का झाला. लहान, दोन इंजिनांची विमानं या कसोटीला उतरली. त्यामुळे त्यांच्या वैमानिकांपुढे दोनच वाटा उरल्या: जड उतरा, नाहीतर इंधन जाळत फिरा. २१ सप्टेंबर २००५ रोजी जेटब्लूच्या ए-३२० चं पुढचं चाक आडवं अडकलं, तेव्हा ते विमानही लॉस एंजेलिसजवळ सुमारे तीन तास असंच फिरलं आणि सगळे सुखरूप उतरले.

नळाचा उपयोग आपल्या दुबईकरांनाही झाला आहे. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए-३४० चं उड्डाणाचं वजन ३६२.९ टनांऐवजी संगणकात २६२.९ टन भरलं गेलं. एका आकड्याची चूक, शंभर टनांची! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं हे उदाहरण. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली आणि ते कसंबसं वर चढलं. वैमानिकांनी पोर्ट फिलिप उपसागरावर इंधन सोडलं आणि तासाभराने विमान परत उतरवलं. २७५ जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही.

इथवर आई शांत ऐकत होती. मग तिने नेमका प्रश्न विचारला. "म्हणजे थांबणंच नेहमी बरं का?"

नाही. आणि हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ मध्ये धुराचा वास आला. हॅलिफॅक्सचा विमानतळ फार दूर नव्हता, पण उंची कमी करायला आणि इंधन सोडायला विमान समुद्राकडे वळलं. काही मिनिटांत आग भडकली आणि २२९ जण गेले. सरळ गेले असते तरी वेळेत पोहोचले नसते, असं चौकशीत निघालं. तरीही त्यानंतर धूर-आगीबद्दलच्या सूचना बदलल्या: आधी जमीन गाठा, वजनाचं नंतर बघा.

आगीला सवड नसते, हे आपण इथेही पाहिलं. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर साधारण बावीस मिनिटांनी आगीचा इशारा आला. दोहा जवळ होतं, पण वैमानिक दुबईकडे वळले. धुराने समोरचे आकडेही दिसेनासे झाले, आणि इशाऱ्यानंतर अर्ध्या तासाच्या आत विमान नाद अल शेबाजवळ कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत ठेवा, असं आपल्याला बजावतात ते अशा आगीच्या भीतीपोटीच. केबिनमध्ये ती निदान दिसते तरी.

तेव्हा वैमानिकाला पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो वेळेचा. बिघाड थांबून राहणारा आहे की वाढणारा? चाक अडकलं, हायड्रॉलिक गेलं, तर वेळ आपल्या बाजूने असते. प्रत्येक तासाला अडीच-एक टन ओझं कमी होतं, कागदपत्रं शांतपणे वाचता येतात, खाली बंब सज्ज होतात. आग लागली, तर प्रत्येक मिनिट विरुद्ध बाजूने असतं. त्रिचीवरच्या घिरट्या बघणाऱ्याला भीतीदायक वाटल्या, पण त्या फेऱ्यांचा अर्थ एवढाच होता की आत बसलेल्यांकडे वेळ होता.

शिवाय इंधन "संपवत" नाहीत, फक्त कमी करतात. उतरणं फसलं तर पुन्हा वर जाऊन फेरी मारता येईल, एवढं शिल्लक ठेवतातच. हे ऐकल्यावर आईचा आवाज जरा सैल झाला.

डिसेंबरात ती आली. घरून निघताना बॅग तीस किलोच्या वर भरली, म्हणून तिने काट्यावरून लोणच्याची एक बरणी उतरवून शेजारणीला दिली. शारजाला बाहेर आल्यावर पहिलं वाक्य तेच: "जरा हलकं होऊनच आले बाबा."