आव्हानाचे नाणे आणि शौर्याचा पुरावा

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. तो बरीच वर्षे अमेरिकेत स्थायिक असून त्याचा मुलगा तेथील भूसेनेत आहे. निघताना त्याने माझ्यापुढे रुपयाहून बराच मोठा आणि जड असा धातूचा एक गोल तुकडा ठेवला. त्याच्या एका बाजूस पलटणीचे चिन्ह, दुसऱ्या बाजूस गरुड आणि कडेने 'उत्कृष्ट कार्याबद्दल' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे होती. "सर, मुलाने तुमच्यासाठी पाठवले आहे. तिकडे याला फार मान असतो," असे तो म्हणाला. ते नाणे मी पुस्तकांच्या कपाटात दर्शनी ठेवले. पुढे पंधरा दिवसांनी घरी आलेल्या एका गृहस्थांनी ते पाहून मोठ्या आदराने विचारले, "आपण सैन्यात होता काय?" मी 'नाही' म्हणालो खरा, परंतु ते 'नाही' ओठांवर येण्यापूर्वी क्षणभर मनाला जी गुदगुली झाली, तिचा मला अद्याप विसर पडलेला नाही. प्रस्तुत लेखास निमित्त झाले ते त्या क्षणाचेच.

या नाण्यास अमेरिकेत 'चॅलेंज कॉइन' म्हणजे आव्हानाचे नाणे म्हणतात. ते चलन नव्हे आणि पदकही नव्हे. ते गणवेषावर लावता येत नाही. पलटणीत दाखल झालेल्या प्रत्येकास ते मिळू शकते. किंवा एखादा सेनापती शिपायाच्या कामावर संतुष्ट होऊन हस्तांदोलन करता करता ते आपल्या तळहातातून त्याच्या तळहातात सरकवतो. त्याचे नाव ज्या खेळावरून पडले तो असा : मद्यगृहात एकाने आपले नाणे टेबलावर आपटावे आणि इतरांनी आपापले काढून दाखवावे. ज्याच्यापाशी ते नसेल त्याने सर्वांच्या पेयाचे पैसे द्यावयाचे. सर्वांपाशी निघाले, तर आव्हान देणाऱ्यानेच द्यावयाचे.

या प्रथेच्या उगमाविषयी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. पहिल्या महायुद्धात अमेरिकन वैमानिकांच्या एका तुकडीतील धनिक अधिकाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांसाठी तुकडीचे चिन्ह असलेली पितळी पदके पाडून घेतली. एका वैमानिकाने आपले पदक चामड्याच्या पिशवीत घालून गळ्यात बांधले. पुढे त्याचे विमान पडले व तो जर्मनांच्या हाती सापडला. जर्मनांनी त्याची ओळखपत्रे काढून घेतली, पिशवी तेवढी राहिली. साध्या वेषात निसटून तो फ्रेंचांच्या ठाण्यावर पोहोचला, तेव्हा फ्रेंचांनी त्याला हेर समजून गोळी घालण्याची तयारी केली. त्याने पदक दाखविले. एका सैनिकाने ते चिन्ह ओळखले. आणि मृत्युदंडाऐवजी त्याला मद्याची बाटली मिळाली.

कथा सुरेख आहे; तथापि इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाही. तीत वैमानिकाचे नाव नाही, तुकडीचा क्रमांक नाही, दिवस नाही, ठाण्याचा पत्ता नाही. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. समकालीन कागदात तिचा आधार दाखविला जात नाही. त्या काळी विमानांवर तुकड्यांची चिन्हे रंगवीत असत हे खरे, आणि म्हणून कथा शक्य कोटीतील वाटते. परंतु शक्य असणे आणि घडलेले असणे यांत जे अंतर आहे, ते ओलांडण्यास पुरावाच लागतो. शिवाय, कैद्याची सर्व कागदपत्रे काढून घेणाऱ्या शत्रूने त्याच्या गळ्यातील पिशवी तेवढी का सोडावी, याचे उत्तर कथेत नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून बखर आणि अस्सल पत्र यांतील भेद मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. ही वैमानिकाची कथा म्हणजे बखर होय, आणि तीही लेखकाच्या नावावाचूनची.

पुरावा आहे तो त्यानंतरच्या काळाचा. कोरियाच्या युद्धात, १९५१ च्या सुमारास, १७ व्या पायदळ रेजिमेंटचे सेनानी कर्नल विल्यम क्विन यांनी आपल्या शिपायांसाठी नाणी पाडविली. ही पलटण 'बफेलो' या टोपणनावाने ओळखली जाई, आणि नाण्यावरही तोच प्राणी होता. त्यानंतर १९६० च्या दशकात अमेरिकेच्या 'स्पेशल फोर्सेस' या निवडक दलांनी ही चाल उचलली, आणि तेथून ती हळूहळू साऱ्या सैन्यात पसरली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आपल्या कचेरीत टेबलामागे अशी अनेक नाणी मांडून ठेवली होती. म्हणजे जी प्रथा शंभर वर्षांची म्हणून सांगितली जाते, तिचे निश्चित वय त्याहून बरेच कमी आहे. शौर्याची खूण म्हणून मिरविणाऱ्या या नाण्याची स्वतःची वंशावळच संशयास्पद निघावी, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

कारण नाण्याचा स्वभावच असा आहे की ते कोणाविषयी काहीच सिद्ध करीत नाही. काही पलटणी त्यावर क्रमांक वा नाव कोरतात; परंतु बहुतेक नाणी निनावी असतात. ती दिल्याची दप्तरी नोंद बहुधा राहत नाही. शिवाय तशीच नाणी दुकानांतून विकतही मिळतात. याउलट पदकाचे पाहा. १० जुलै १९४४ रोजी इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी पडल्यावर एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले व तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या क्रॉसच्या पट्टीमागे वीराचे नाव व पलटण, आणि क्रॉसच्या पाठीवर त्या पराक्रमाचा दिवस कोरण्याचा नियम आहे. त्याची हकिकत राजपत्रात छापली जाते. तेथे धातू मुका राहत नाही. तो नाव, दिवस आणि कृत्य सांगतो.

जेथे धातू मुका, तेथे माणूस बोलू लागतो. अमेरिकेत न केलेल्या पराक्रमाचे श्रेय घेणाऱ्यांची संख्या लहान नाही. १९९८ मध्ये बर्केट यांनी व्हिएतनाम युद्धाच्या तोतया वीरांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावावरूनच अशा वर्तनास 'चोरलेले शौर्य' हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे सन्मानपदकांचे खोटे दावे गुन्हा ठरविणारा कायदा झाला. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका पाणीपुरवठा मंडळाच्या सभासदाने आपणांस देशातील सर्वोच्च शौर्यपदक मिळाल्याचे भर सभेत सांगितले. तो सैन्यात कधी नव्हताच. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो कायदाच रद्द केला. केवळ खोटे बोलणे हा दंडनीय अपराध ठरवू नये. खोट्यावर उपाय म्हणजे खरे प्रकाशात आणणे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. सरकारने त्याच वर्षी उच्च शौर्यपदके मिळविणाऱ्यांची यादी सर्वांस पाहण्यास खुली केली. २०१३ च्या नव्या कायद्याने पैसा वा अन्य लाभ उपटण्याच्या हेतूने केलेला खोटा दावा तेवढा गुन्हा ठरविला. या कायद्याच्या कक्षेत ठरावीक पदके आहेत; नाणे नाही.

दावा तपासू लागले की एक उत्तर ठरलेले असते : "माझी कागदपत्रे जळाली." त्यात सत्याचा अंश आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई येथील सैनिकी दप्तरखान्यास आग लागून १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली नष्ट झाल्या. परंतु त्या मुख्यत्वे भूसेनेतून १ जानेवारी १९६० पूर्वी आणि वायुसेनेतून १ जानेवारी १९६४ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या होत्या. १९७० मध्ये सैन्य सोडलेला मनुष्य ही सबब सांगू लागला, तर त्याची तारीखच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. आणि ज्यांच्या फायली खरोखर जळाल्या, त्यांच्या सेवेची नोंद वेतनाच्या व रुग्णालयांच्या कागदांवरून पुन्हा जुळविण्याचे कष्ट तेथील कर्मचारी आजवर घेत आले आहेत. तोतयाच्या खोट्याने खरे नुकसान होते ते याच लोकांचे : खऱ्या म्हाताऱ्या शिपायाने "कागद जळाले" म्हटले की ऐकणारा त्याच्याकडेही संशयाने पाहतो.

तोतया हा शब्द आपणांस नवा नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचे नाव घेऊन उभा राहिलेल्या तोतयाने १७७६ मध्ये कोकणातील किल्ले घेतले, आणि त्याच वर्षी पुण्यास त्याचा अंत झाला. त्याला राज्य हवे होते. पण पुष्कळ तोतयांना राज्यही नको असते आणि पैसाही नको असतो. त्यांना हवा असतो समोरच्याच्या डोळ्यांत चमकणारा क्षणभरचा आदर. त्या क्षणाची चव मी घेतली आहे. म्हणून त्यांना हसण्याचा अधिकार मी स्वतःस देत नाही. मोह लहान होता आणि 'नाही' म्हणण्यास कष्ट पडले नाहीत, एवढेच.

तरीही एक भीती उरते. मी आहे तोवर माझे 'नाही' आहे. माझ्या पश्चात ते नाणे नातवंडांच्या हाती जाईल आणि त्यावर तर 'उत्कृष्ट कार्याबद्दल' असे कोरलेले आहे. म्हणून परवा मी एक चिठ्ठी लिहिली : हे नाणे कोणाचे, कोणी कोणास केव्हा दिले, आणि मी सैन्यात कधीही नव्हतो. चिठ्ठीवर तारीख घातली, सही केली आणि ती नाण्याबरोबर डबीत ठेवली. कपाटातील जागा तीच आहे; डबी मात्र आता चिठ्ठीसकटच उघडते.