लाटणं नव्हे, सामता

जुन्या सुताराची पेटी उघडली की करवत, पटाशी, रंधा लगेच ओळखू येतात. गाडी अडते ती एका कातीव लाकडी दांडक्यापाशी. कुणी त्याला देव्हाऱ्याचा खांब ठरवतं, कुणी लाटणं. अशा वेळी आकारावर जाऊ नये, झीज बघावी. पोटाशी दोरीने घासून पडलेली वळी असतील, एका टोकाला लोखंडी टोचा बसवायची जागा असेल आणि दुसऱ्या टोकाची टोपी सुटी फिरत असेल, तर तो सामता, म्हणजे कमानीच्या दोरीने फिरवून भोक पाडायचं हत्यार. त्याची कमान बहुधा सापडत नाही. साधी काठी समजून ती कधीच चुलीत गेलेली असते.

सामता चालतो ताक घुसळायच्या रवीसारखा. कमानीच्या दोरीचा एक वेढा दांडक्याला द्यायचा, डाव्या तळव्याने टोपी दाबून धरायची आणि उजव्या हाताने कमान पुढेमागे ओढायची. दांडकं एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतं. म्हणून टोचा चपटा आणि दोन्ही दिशांनी तासणारा. पिळाचं ड्रिल एकाच दिशेने कापतं. त्याचं पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्सने १८६३ साली घेतलं. पेटीत नुसता टोचा मिळाला, तरी धार कुठल्या बाजूंना लावली आहे त्यावरून अर्धा उलगडा होतो.

या हत्याराचं कूळ फार जुनं. बलुचिस्तानातल्या मेहरगढला साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना भोकं पाडलेली आढळली. संशोधकांनी गारगोटीचं टोक लावून सामता बांधला, तेव्हा तसं भोक मिनिटाच्या आत पडलं. मणी विंधणाऱ्या कारागिरांनीच हे दंतवैद्यक केलं असावं, असा त्यांचा तर्क. मला तो पटतो. कठीण दगडाला भोक पाडणाऱ्याला दाढेचं काय कौतुक! इजिप्तमध्ये रेखमिरे या वजिराच्या थडग्यातल्या चित्रांत सुतार सामता चालवताना दिसतात आणि मणीवाले तर एकाच कमानीवर अनेक टोचे फिरवतात. ही चित्रं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. गुजरातेत खंबायतच्या अकीक कारागिरांनी कमानीने मणी विंधायची रीत पुढे चालवली, टोच्याच्या टोकाला हिऱ्याच्या कण्या बसवून.

युरोपात पंधराव्या शतकात हाताने गोल फिरवायचं वाकड्या दांड्याचं गिरमिट आलं. आज न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात असलेल्या मेरोद चित्रफलकात सुतार जोसेफ त्यानेच भोकं पाडतो आहे. पुढे दातेरी चाकाचं आणि मग विजेचं ड्रिल आलं, आणि सामता पेटीच्या तळाशी गेला.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर पॉलिश पेपर घेऊन लगेच घासायला बसू नका. दोरीच्या खुणा त्यात पहिल्या जातात. टोपी, टोचे आणि सोबतची वाकडी काठी एकत्र ठेवा, एखाद्या वयस्कर सुताराला दाखवा, आणि तोवर काहीही भंगारात देऊ नका.