अंगुलिमुद्रेचा धातू : काठिण्य, कोरणी आणि ठसा

मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याकडून येणारा रस्ता नाशिकात ज्या द्वारका चौकात मिळतात, तेथून फुटणाऱ्या वाटा धातूच्या इतिहासाच्या अभ्यासकाला तीन वेगळ्या काळांत नेतात. मुंबईच्या दिशेने गेल्यास पांडवलेणी लागतात. तेथे नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनातील कोष्ट्यांच्या निकायांकडे 3000 कार्षापणांची ठेव ठेवल्याचा लेख आहे. पुण्याच्या रस्त्याने सिन्नर तालुक्यात उतरल्यास जोगलटेंभी लागते आणि जुन्या गावठाणात शिरल्यास सराफ बाजार व तांबटांची वस्ती. नाव वा चिन्ह कोरलेली अंगठी कोणत्या धातूची असावी, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा उलगडा या तिन्ही ठिकाणांच्या साक्षीने होऊ शकतो. या प्रश्नाला सामान्यतः ‘जितका कठीण तितका बरा’ असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. आणि त्याच्या अपुरेपणामुळे कागदपत्रांच्या परीक्षणातही चुका होण्याचा संभव आहे.

प्रथम जोगलटेंभीचा पुरावा घेऊ. 1906 साली तेथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. पाद्री स्कॉट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. एकूण नाणी सुमारे 13,250 होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. जित राजाच्या मुखावर विजेत्याचा त्रिकूट चैत्य उमटवावयाचा, म्हणजे आधीच एकदा ठोकून घट्ट झालेली चांदी दुसऱ्यांदा दाबावयाची. असा घाव हजारो वेळा सोसणारा साचा चांदीपेक्षा कितीतरी कठीण असला पाहिजे हे उघड आहे. मूळ नाण्यांवरील नहपानाचे मुखही सर्वत्र सारखे नाही. वय, नाक, हनुवटी यांत इतका फरक आहे की साचे अनेक होते याविषयी शंका राहत नाही. काठिण्याची खरी निकड असते ती येथे, टांकसाळीत.

अंगठीचे काम निराळे. लाखेवर वा ओल्या मातीवर ठसा उमटविण्यास बोटाचा दाब पुरतो. बंद पत्राला मराठीत ‘लाखोटा’ म्हणतात तो या लाखेवरूनच. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्य राक्षसाच्या अंगठीने बनावट पत्र मुद्रांकित करतो, तेव्हा त्या कपटाला विलंब लागत नाही की बळ लागत नाही, सारे नाटक उभे राहते ते ही क्रिया इतकी सुलभ आहे म्हणूनच. शाईचा ठसा तर याहूनही हलका. लाख, माती आणि कागद ही तिन्ही माध्यमे धातूपेक्षा मऊ आहेत. केवळ ठसा उमटविण्याने सोन्याची मुद्रासुद्धा लवकर झिजावयाची नाही.

मग अंगठीची मुद्रा झिजते कशाने? ती हातात असते म्हणून. खनिजांच्या काठिण्याच्या मोह्स मापनात सोने व चांदी अडीच ते तीनच्या दरम्यान येतात, तांबे तीनच्या आसपास, पितळ त्याहून थोडे वर, आणि पाणी पाजलेले पोलाद साडेसहाच्या आगेमागे. परंतु धुळीत व नदीच्या वाळूत गारेचे कण असतात आणि गारेचे काठिण्य सात आहे. म्हणजे हात धुळीला लागला की बोटातील कोणत्याही प्रचलित धातूवर ओरखडा उमटू शकतो. कठीण धातूची गरज अंगठीला ठशासाठी नसून हातासाठी आहे. दरबारी पत्राच्या माथ्यावरील मोठी मुद्रा अथवा शेवटचे मोर्तब बोटात वागविण्याची वस्तू नव्हे. म्हणून त्यांच्या धातूवरून काढलेले निष्कर्ष अंगठीला लावणे युक्त नाही.

काठिण्याला दुसरीही बाजू आहे. अक्षर कोरावयाचे तर कोरणी धातूत शिरली पाहिजे. शुद्ध सोने व चांदी कोरणीला विनासायास वाट देतात, पण कोरलेली कड टिकत नाही. तांब्याची भर घातल्यास ती बरीच टिकते. कांसे, म्हणजे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील यांचा मिश्रधातू, कठीण असते खरे, परंतु ठिसूळ. बारीक वेलांटीच्या ठिकाणी त्याचा टवका उडण्याचे भय असते. पितळ मध्यम मार्गाचे आहे. कोरीवकामाला ते सोयीचे, स्वस्त आणि बऱ्यापैकी टिकाऊ. पोलादाची गोष्ट सर्वांहून वेगळी आहे. ते तापवून सावकाश निवू दिले की मऊ पडते व कोरता येते. कोरून झाल्यावर पुन्हा तापवून पाणी पाजले की कठीण होते. मऊपणा कारागिराला आणि काठिण्य वापरणाराला, असा दोन्ही गुणांचा लाभ या एकाच धातूत होतो. त्याचे वैगुण्य एकच, गंज. आणि बोटाचा घाम तर गंजाला नित्याचे आमंत्रण.

ही निवड मुघल दरबारापुढेही होती. ‘आईन-इ-अकबरी’तील राजमुद्रांच्या प्रकरणात अबुल फज्ल सांगतो की, अकबराच्या कारकीर्दीच्या आरंभी मौलाना मक्सूद याने पोलादावर वर्तुळाकार मुद्रा कोरली आणि तीत तैमूरपर्यंतच्या पूर्वजांची नावे घातली. दिल्लीच्या अली अहमदची पोलादावरील अक्षरे अन्य कारागीर कित्ता म्हणून वापरीत. त्याच ग्रंथात काबूलच्या मीर दोस्तचा अकीक कोरणारा म्हणून उल्लेख आहे. पोलाद व अकीक यांचे कारागीर असे वेगळे नोंदले जावेत यात नवल नाही. अकीक हा गारेच्याच जातीचा. त्यावर कोरणी चालत नाही, त्याहून कठीण भुकटी लावून चाक फिरवावे लागते. पण एकदा कोरला की धूळ त्याचे फारसे काही करू शकत नाही, तो गंजत नाही आणि लाख त्याला चिकटून राहत नाही. खंबायतच्या बाजारातून अकीक सहज मिळत असताना कडे चांदीचे व मुखावर खडा, ही रचना रूढ व्हावी हे स्वाभाविक होय. धातूने बोट सांभाळावे, खड्याने अक्षर.

या विवेचनाचा कागदपत्रांच्या अभ्यासाशी प्रत्यक्ष संबंध आहे. इनामे व वतने यांचे वाद सनदांवर चालत आणि सनदेचा खरेखोटेपणा ठशावर ठरे. 1852 च्या अकराव्या कायद्याखाली झालेल्या इनामांच्या चौकशीत अनेक घराण्यांचे भवितव्य अशा परीक्षेवर लटकलेले होते. दोन पत्रांवरील एकाच मुद्रेच्या रेषा जाड-बारीक दिसल्या तर एक पत्र बनावट ठरविण्याकडे परीक्षकाचा कल होतो. परंतु कोरणीने पाडलेली खाच वर रुंद व खाली अरुंद असते. मुद्रेचा पृष्ठभाग झिजत गेला की खाचेचे तोंड अरुंद होते, आणि शाईच्या ठशात पांढरे उमटणारे अक्षर बारीक होत जाते. उठावदार अक्षरांच्या मुद्रेत याच्या उलट घडते. उतरत्या कडांमुळे झिजेबरोबर रेषा जाड होतात. तेव्हा रेषांचा फरक हा दोषाचा पुरावा नसून पुष्कळदा वयाचा पुरावा असतो. खोल कोरलेल्या मुद्रेचे अक्षर उत्तरकालीन पत्रावर अधिक जाड दिसल्यास मात्र संशयाला जागा आहे. तेथेही मुद्रा पुन्हा कोरून घेतली असेल काय, हे आधी पाहिले पाहिजे. याउलट शाईचा मळ खाचेत साचूनही अक्षर बारीक दिसते. तो धुतला की पूर्ववत होते. चांदीच्या अंगठीत दहा वर्षांत पडणारा फरक अकिकाच्या मुद्रेत पिढीभरातही पडणार नाही. यास्तव ठशांची तुलना करणाऱ्याने मुद्रा कशाची होती व ती बोटात असे की बटव्यात, हे प्रश्न प्रथम विचारावयास हवेत. उपलब्ध मुद्रांच्या सूच्यांत आकार व लेख काळजीपूर्वक दिले जातात. धातूची नोंद मात्र ‘धातूची’ एवढ्यावरच संपते.

आज टायटॅनियम, टंगस्टन कार्बाइड असे पदार्थ अंगठ्यांना वापरले जातात. टंगस्टन कार्बाइडवर कोरणी चालत नाही, तेथे लेसरचा किरण लागतो. तरीही सराफ बाजारातील मुख्य धातू सोनेच राहिला आहे. 2021 सालच्या 1 जुलैपासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक लेसरने उमटविला जाऊ लागला, आणि 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. बावीस कॅरट सोने आजही गारेच्या कणापुढे मऊच आहे. अंगठीवर हा क्रमांक बहुधा आतल्या बाजूस घातला जातो. तेथे धूळ पोहोचत नाही, केवळ कातडी घासते.